नासेरियनला सांगू नकोस

नारोक, केनिया
६ सप्टेंबर २०२४

प्रिय सुलभाअक्का,

उद्या तुझ्याकडे गणपती बसतील, तू पुरणाच्या घाईत असशील, आणि मी असलं पत्र पाठवतेय. फोनच केला असता. पण तुझा फोन वाजला की पहिली धावते ती नासेरियन. स्पीकर लावून देते आणि तुझ्या शेजारीच बसते. आज मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको, म्हणून मेल करतेय. वाचून झाला की पुसून टाक.

तिच्या काकाला तू कधी पाहिलेलं नाहीस. तिचे वडील गेल्यापासून त्या वस्तीतली गुरं, बायका, मुलं, सगळं त्याच्या शब्दावर चालतं. नासेरियनला मी शाळेत ठेवून घेतलं तेव्हाही तो आला होता, पण तेव्हा तिची आई मध्ये उभी राहिली. पुढे तू आणि तुझ्या भिशीतल्या बायकांनी तिच्या नर्सिंगचा भार उचलला आणि ती धारवाडला तुझ्या घरी आली, त्याच्या हाताबाहेर. तो ते विसरलेला नाही.

मंगळवारी तो शाळेत आला. माझ्यासमोर बसून चहा प्याला, अगदी हळू आवाजात बोलला. मोठी तुम्ही नेलीत, धाकटी आमची, असं म्हणाला. धाकटी म्हणजे नाशिपाई, नासेरियनची सख्खी बहीण. तेरा वर्षांची आहे. वस्तीजवळच्या शाळेत जाते. नोव्हेंबरात शाळा सुटली की काकाच्याच वयाच्या एका माणसाशी तिचं लग्न ठरलंय. आणि लग्नाआधी जुन्या रीतीनं मुलीची सुंता करायला जी सुरी चालवतात, तीही चालणार.

इथल्या कायद्यानं हे दोन्ही गुन्हे आहेत. कितीतरी मासाई आईबापांनी ही रीत केव्हाच सोडली. आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिका मासाई आहेत आणि सगळ्यांत जास्त त्याच भांडतात. पण काकाच्या वस्तीपर्यंत कायदा पोचत नाही. तिथला सरकारी मुखिया त्याचा लहानपणापासूनचा सोबती आहे.

मी माझ्या परीनं करतेच आहे. तू एवढंच कर, नासेरियनला सांगू नकोस. ऑक्टोबरात तिची परीक्षा आहे. तिला कळलं तर ती मिळेल त्या विमानानं इकडे येईल, आणि एकदा त्या वस्तीच्या कुंपणाच्या आत गेली की परत सुटायची नाही.

तुझी,
रेश्मा


रायापूर, धारवाड
१७ सप्टेंबर २०२४

चि. रेश्मास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल पुसला. पुसून काय उपयोग, मला तो पाठ झालाय.

तू सांगू नकोस म्हणालीस, मी सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर सगळं दिसतं हे तुला माहीत आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिला दुकानात बसवलं तर गिऱ्हाइकाला खरेदीचा भाव कळेल. आता ही पोर सकाळी समोर बसून भाकरी खाते, माझ्याकडे बघते, आणि मी उगीच उठून गॅस पुसते.

काल गणपतीच्या आरतीला सगळ्या भिशीवाल्या जमल्या होत्या. पद्मा म्हणाली की आपली मुलगी वाळली गं. खरंच वाळलीय. पूर्वी कॉलेजातून आली की दारातूनच जेवलात का विचारायची, "ऊटा आत, अक्का?" शेजारचे शेषगिरी हसायचे, ही तुमच्यापेक्षा चांगलं कन्नड बोलते म्हणायचे. आता येते, बूट काढते, गच्चीवर जाते. तिथं फोनवर तिच्या भाषेत बोलते. मला एक अक्षर कळत नाही, पण आवाज कळतो. परवा वाळवण काढायला गेले तर भिंतीला टेकून रडत होती. डोळ्यांत काही गेलं म्हणाली.

शेषगिरींनाही ते दिसलंय. ते जुने बँकेतले, जपून बोलतात. मला एवढंच म्हणाले, "ह्या हुडुगीला, पोरीला, कुणाचा तरी फोन येतो, आणि तो आला की ती घाबरते. बघा जरा."

मला वाटतं, मुलगा असावा. वीस वर्षांची आहे, दिसायला चांगली आहे, परक्या गावात एकटी. कुणीतरी नादी लावलं असेल आणि आता धमकावत असेल. असल्या गोष्टी रोज पेपरात येतात. लोकाची पोर आहे, रेश्मा. तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? विचारलं तर "काही नाही अक्का" म्हणते आणि माझ्या हातातली भांडी घेऊन घासायला बसते.

तिकडचं कळव. मला झोप लागत नाही.

सुलभा


नारोक
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय अक्का,

मुलगा असेल तर निदान ते संकट तुझ्यामाझ्या ओळखीचं तरी आहे. तिला रागावू नकोस. मलाही वाटतं तसंच काहीतरी असावं, कारण इकडचं तिला कळायला वाट नाही. आईकडे फोन नाही, आणि काका तिला कशाला सांगेल?

इकडचं बरं नाही. काका पुन्हा आला होता, या वेळी तिघांना घेऊन. आत आले नाहीत. शाळा सुटेपर्यंत फाटकासमोरच्या झाडाखाली काठ्या टेकून उभे राहिले. काही केलं नाही, ओरडले नाहीत. मुली खिडकीतून बघत होत्या, आणि फळ्यावर लिहिताना माझा खडू दोनदा मोडला. घरी महेश म्हणतो, तू शिक्षिका आहेस, पोलीस नाहीस, आता बास कर. त्याचं चुकत नाही. त्यालाही भीती वाटते.

आणि सोमवारपासून नाशिपाई शाळेत आलेली नाही. त्या शाळेतली बाई मला चोरून सांगून गेली. आजारी आहे असं घरून कळवलंय. मी पोलीस चौकीवर गेले होते. मुलीची तक्रार आहे का, घरातल्या कुणाची आहे का, असं विचारलं. मी कोण? परकी बाई. बघतो म्हणाले.

एक काम कर. नासेरियनचा पासपोर्ट तिच्या कपाटातून काढून तुझ्याकडे ठेव. कारण विचारलं तर काहीही सांग. तिला कुठूनतरी कुणकुण लागली तरी तिथून हलता येऊ नये. वाईट वाटून घेऊ नकोस, तिच्या भल्यासाठीच आहे.

रेश्मा


रायापूर
७ ऑक्टोबर २०२४

चि. रेश्मा,

पासपोर्ट काढला. ती कॉलेजला गेल्यावर चोरासारखं तिचं कपाट उघडलं आणि तो तांदळाच्या डब्यात खाली घातला.

शुक्रवारी तिनं विचारलं. मी सांगितलं की पोलीस ऑफिसात परदेशी विद्यार्थ्यांची नोंद पुन्हा करतायत, म्हणून दिलाय. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या ऑफिसात दर वेळी तीच जाते, तिला तिथली सगळी माणसं नावानं माहीत आहेत. खोटं बोलायचं तर निदान बरं तरी बोलावं. ती "बरं अक्का" म्हणाली आणि आत गेली.

काल रविवार. सकाळी चर्चला जाते म्हणून निघाली. दुपारी जेवायला येते नेहमी, आली नाही. फोन बंद. मी कॉलेजच्या मैत्रिणींना फोन केले, कुणाला माहीत नाही. मग शेषगिरींचं दार वाजवलं. त्यांनी काही विचारलं नाही, स्कूटर काढली. आम्ही सुभाष रोड पालथा घातला. ती जिथून वही-पेन घेते ते दुकान, झेरॉक्सवाला, चर्चचं आवार. तिथले फादर म्हणाले की आज आलीच नव्हती. शेषगिरी म्हणाले, पोलिसांत जाऊ. मी म्हटलं थांबा. काय सांगणार होते मी पोलिसांना? मुलगी हरवली, आणि तिचा पासपोर्ट माझ्या तांदळात आहे?

ऊन उतरल्यावर घरी आलो तर ती पायरीवर बसलेली. चिगरी सिटीबसचं तिकीट मुठीत चुरगळलेलं. कुठं होतीस, विचारलं. "हुबळीला," म्हणाली. कुणाकडे? "कुणाकडे नाही." बस्स. आत येऊन तोंड धुतलं आणि पीठ मळायला घेतलं.

मी ओरडले नाही. रेश्मा, आपण हे काय करून बसलोय? मला आता त्या मुलाची भीती वाटत नाही. तिच्या गप्प बसण्याची वाटते.

सुलभा


रायापूर
१३ ऑक्टोबर २०२४

रेश्मा,

हे शांतपणे वाच. मुलगा वगैरे कुणी नाही. तिला सगळं माहीत आहे. ऑगस्टपासून, म्हणजे तुझ्याही आधीपासून माहीत आहे.

काल दसरा. सोनं द्यायला पद्मा येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि नासेरियन माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली. म्हणाली, "अक्का, तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा. मग मला काय माहीत आहे ते मी सांगते." मला रडूच आलं. तुझा शब्द मोडला. सगळं सांगितलं.

मग तिनं सांगितलं ते असं. गच्चीवर येणारे फोन काकाचे. पहिल्याच फोनला त्यानं सौदा मांडला की तू परत ये, त्या माणसाशी तू लग्न कर, मग धाकटीला मी हात लावणार नाही. आणि या सौद्यातला एक शब्द टीचरला कळला तर शाळेचं कुंपण पेटेल. म्हणून ती तुला बोलली नाही, मला बोलली नाही. तुझी शाळा जळू नये म्हणून. आपण तिला जपत होतो आणि ती आपल्याला.

त्या रविवारी ती परत जायला निघाली होती. पासपोर्ट नाही, तरी निघाली. मुंबईला जायचं, वकिलातीत सांगायचं की हरवला, असा काहीतरी विचार. हुबळी स्टेशनावर बाकावर बसून राहिली. गाडी आली, तिच्यासमोर थांबली, गेली. मी विचारलं, का नाही चढलीस? तर म्हणाली, बसल्याबसल्या काकाचा विचार केला. आतापर्यंत आईचा आणि नाशिपाईचाच करत होते. काकाला आज मी मिळाले तर तो थांबेल असं कुठं आहे? वर्षभर थांबेल. मग नाशिपाई आहेच. तेव्हा तिच्यासाठी बाहेर कुणीच उरलेलं नसेल.

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "माझा पासपोर्ट द्या."

मी म्हटलं, तू जाणार नाहीस ना?

"जाणार नाही," ती म्हणाली. "पण मी जात नाही, ते मी ठरवलंय म्हणून. तुम्ही लपवलंत म्हणून नाही. काकाही आम्हाला आत ठेवतो तेव्हा भल्यासाठीच म्हणतो."

मी उठले आणि तांदळाच्या डब्यात हात घातला. पासपोर्टला तांदळाचं पीठ लागलं होतं, ते पदरानं पुसून तिच्या हातात दिलं. मला वाटलं होतं ती रागावेल. तिनं कपाटात ठेवला आणि येऊन भात लावला.

आज सकाळपासून ती फोनवर आहे. गच्चीवर नाही, हॉलमध्ये, माझ्यासमोर. तुमच्या जिल्ह्यात मुलांच्या संरक्षणाचं सरकारी कार्यालय आहे, तिथली एक बाई मासाईच आहे, तिचा नंबर तिनं शोधून काढला. पोलिसांनी तुला विचारलं होतं ना, घरातल्या कुणाची तक्रार आहे का? ती म्हणते, मी घरातली आहे. मी सज्ञान आहे, नाशिपाईची सख्खी बहीण आहे, माझी तक्रार आहे. उद्या व्हिडिओवर तिचा जबाब घेणार आहेत. काकाच्या नावानिशी देणार म्हणते. मी विचारलं, तुझ्या आईचं काय होईल गं? तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "तेच मला माहीत नाही."

सुलभा


नारोक
१५ ऑक्टोबर २०२४

अक्का,

हे तिला वाचून दाखव.

नासेरियन, मी तुला सहा वर्षं शिकवलं आणि तुझ्यापासूनच लपवलं. माझं चुकलं. मुलांच्या कार्यालयातल्या त्या अधिकारी बाईंचा मला फोन आला. तुझ्या जबाबामुळे त्यांना आता हात घालता येतो. तुझ्या आईचा निरोप भाजीवाल्या बाईकडून मिळाला. पुढच्या बाजाराला ती नाशिपाईला लग्नाचे मणी घ्यायला म्हणून आणणार, काकाचा मुलगा राखणीला असणार. वस्तीत शिरून मुलगी काढायला गेलो तर रक्त सांडेल, म्हणून बाजारातच. मी असेन.

मला खूप भीती वाटतेय. तुला खोटं सांगत नाही.

रेश्मा


नारोक
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अक्का, प्रिय नासेरियन,

नाशिपाई सुखरूप आहे. हे आधी लिहिते. फोनवर तेवढंच सांगू शकले, बाकी सगळं आता.

बाजाराच्या टोकाला, गुरांच्या कुंपणापाशी आम्ही गाडी लावली होती. महेश आदल्या दिवसापर्यंत नको नको म्हणत होता आणि सकाळी किल्ली घेऊन तोच पुढे बसला. अधिकारी बाई पोलिसांची जीप घेऊन येणार होत्या. जीप आली नाही. फोन लावला तर रस्त्यात चाक बसलंय म्हणाल्या, थांबा. पण बाजार कुणासाठी थांबत नाही. समोरून तुझी आई येताना दिसली. डोक्यावर दूध भरलेले वाळक्या भोपळ्यांचे तुंबे, मागे नाशिपाई, आणि तिच्या मागे तो चुलतभाऊ, हातात काठी.

मला वाटलं, हुकलं. आता मणी घेतील आणि परत जातील.

तुझ्या आईनं आमची गाडी पाहिली. जीप नाही हेही पाहिलं असणार. ती थांबली नाही. मणी विकणाऱ्या बायका ओळीनं बसतात तिथं गेली, एकीपुढे बसली, माळा बघायला लागली. ही नको, ती दाखव. चुलतभाऊ कंटाळून थोडा लांब सरकला. मग तुझी आई त्या बाईला हळूच काहीतरी बोलली. बाईनं शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीनं पुढच्या बाईकडे. कुणी उठलं, कुणी कापड झटकायला उभं राहिलं, कुणी माळ घालून बघायला नाशिपाईला जवळ ओढलं. क्षणात तिच्याभोवती लाल कापडांची भिंत झाली. ती भिंत हलत हलत गाडीकडे आली. एकही बाई बोलली नाही. त्या सगळ्यांच्या मुली आहेत, नासेरियन. त्यांतल्या किती वाचल्या आणि किती नाही, मला माहीत नाही.

मी दार उघडलं. नाशिपाई आत पडली आणि मी तिच्या अंगावर शाल टाकली. मी तुझ्या आईचा हात धरून आत ओढायला लागले. तिनं हात काढून घेतला. मला तुमची भाषा तेवढी कळते. ती म्हणाली, "मी आले तर म्हणतील, टीचरनं दोघींना पळवलं. मी जाऊन सांगते की मी दिली. आईनं दिली म्हटल्यावर पळवली म्हणता येत नाही."

आणि ती वळली. चुलतभाऊ तोवर ओरडत धावत येत होता. ती त्याच्याकडेच चालत गेली. महेशनं गाडी काढली. मी मागच्या काचेतून पाहत होते, त्यानं काठी उचलली तेवढं दिसलं, मग धूळ.

नाशिपाईला अधिकारी बाईंनी दुसऱ्या गावी ठेवलंय, कुठं ते लिहीत नाही. तिला काहीही झालेलं नाही, सुरीही नाही. डॉक्टरनं पाहिलं. ती बोलत नाही, पण दूध पिते.

तुझ्या आईची मात्र काही बातमी नाही. काल पोलीस वस्तीवर जाऊन आले. ती तिथं नाही. कुठं आहे, कुणी सांगत नाही.

अक्का, हे सगळं तिला सांग. एक ओळही गाळू नकोस.

रेश्मा


रायापूर
२ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मा,

तुझा मेल तिनं स्वतःच वाचून घेतला. मला वाचवेना. मराठी अक्षरावर बोट ठेवून ठेवून वाचला, अडलं तिथं विचारलं. शेवटाला आली आणि तिथंच बोट ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. गेली, लिहिला, आली. कसा गेला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीत आकाशकंदील लावला नाही. शेषगिरींची बायको सुशीला फराळाचं ताट घेऊन आली, ते तसंच झाकून ठेवलंय. फोन वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

आज सकाळी वाजला. अनोळखी नंबर, तिकडचा. तिची आई. भावाच्या गावी पोचलीय, जंगलातून चालत गेली, एका मेंढपाळाच्या फोनवरून बोलत होती. नासेरियन आधी नुसती ऐकत होती. मग तिचा आवाज एकदम बदलला. प्रश्न विचारायला लागली, छोटे छोटे, एकामागून एक. कोपराखाली हात मोडलाय आणि सुजलाय. बोटं हलतात का, गार पडलीत का, रंग कसा आहे, असं ती विचारत होती, मला नंतर कळलं. दोन काठ्या आणि कापड घेऊन हात कसा बांधायचा ते तिनं मामाला फोनवर सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, त्याच्याकडून म्हणवून घेतलं. आजच्या आज दवाखान्यात न्यायचं, बांधलंय म्हणून घरी ठेवायचं नाही, हेही.

फोन ठेवला आणि मग ती माझ्याजवळ येऊन बसली. मी नुसती धरून बसले.

मामाचं गाव मी वेगळं कळवते. आईपर्यंत कुणीतरी पोचायला हवं, काकाच्या आधी.

सुलभा


रायापूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय टीचर,

मी बोलते, अक्का टाइप करतात. त्या मध्ये काही बदलत नाहीत, असं त्यांनी कबूल केलंय. इंग्रजीत लिहिलं असतं, पण इथं जे झालं ते सगळं या घरात मराठीत झालं. म्हणून मराठी.

तुमच्या मेलमध्ये नाशिपाईचा फोटो होता. नवीन शाळेचा स्वेटर तिला मोठा होतो. ती हसत नाहीये, पण कॅमेऱ्याकडे बघतेय. पूर्वी खाली बघायची. आईचा हात थोडा वाकडा जुळलाय. मामाकडे ती शेळ्या बघते. म्हणते, पोलिसांनी धरलेला तुझा काका जामिनावर सुटला, त्याला बाजारात पाहिलं. कोर्टात मार्चमध्ये मला पुन्हा व्हिडिओवर बोलावलंय. काकाचा वकील विचारेल की तू इथं नव्हतीस, तुला काय माहीत? मी उत्तर तयार करतेय. रोज करते, रोज बदलते.

नाशिपाईला आईच्या हाताचं सांगितलं नाही असं तुम्ही लिहिलंय. सांगा. रडेल. तरी सांगा. मी गच्चीवर एकटी जे जे मनात आणत होते ते खऱ्यापेक्षा वाईट होतं.

माझा एक विषय राहिला. बाजारानंतरचा पेपर. अक्का म्हणतात, त्यात काय मोठं. भिशीच्या सगळ्या बायकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. पद्माअक्कांनी लाडू दिला. नापास झाल्यावर लाडू मिळतो हे मला माहीत नव्हतं.

आता एक नवीन गोष्ट सांगायची आहे. सध्या माझी ड्युटी बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. मागच्या आठवड्यात जवळच्या खेड्यातली एक मुलगी आली, पोट मोठं, हात बारीक. केसपेपरवर वय एकोणीस. सासूनं तसं लिहायला सांगितलं होतं. सासू चहाला गेली तेव्हा मी तिच्या पायाची सूज बघत होते, आणि कन्नडमध्ये विचारलं की तू कितवीत होतीस? ती म्हणाली, नववीत. कधी? मागच्या वर्षी.

मी तिथंच उभी राहिले. ही माझी माणसं नाहीत, माझा देश नाही, मी शिकाऊ आहे. सासऱ्याला मी दारात पाहिलं होतं, तो काकासारखा हळू आवाजात बोलतो. कुणी तक्रार केली की मला परत पाठवतील, असंही वाटलं. मग मी जाऊन वॉर्डच्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी मुलीशी बोलून घेतलं आणि पुढे कळवलं. इथंही कायदा आहे, टीचर. इथंही तो कुणीतरी बोलावल्याशिवाय येत नाही.

मुलगी आणि तिचं बाळ दोघंही बरी आहेत. तिला आता कुठं ठेवायचं ते बालकल्याण समितीच्या बाई ठरवतायत. तिची आई आली आहे, ती तिला जवळ घेते.

काल ड्युटी संपवून निघाले तर सासरा गेटपाशी उभा होता. आणखी दोघं होते. त्यानं विचारलं, तू कोण, कुठली? मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, आणि कॉलेजचंही. मग चालत बसपर्यंत गेले. पळाले नाही, पण पळावंसं वाटत होतं.

घरी येऊन अक्कांना सगळं सांगितलं. त्या खूप घाबरल्या. हे वाक्य त्यांना टाइप करायचं नव्हतं. पण उद्या जाऊ नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. आज सकाळी त्यांनी चप्पल घातली, शेषगिरीअण्णांना हाक मारली, आणि माझी बस येईपर्यंत दोघंही माझ्याबरोबर थांब्यावर उभे राहिले.

तुमची,
नासेरियन